सूत्र वाटतं, पारखत नाही

मंडळी, आज एका गणिताकडे आपण न्यायाच्या अंगाने पाहू.

वसमतच्या मोंढ्यात हळदीचं बीट होतं. प्रत सारखी असेल तर एका क्विंटलच्या दहापट पैसे दहा क्विंटलला मिळतात, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. पण उद्या कोणी म्हणालं, दहा क्विंटलवाल्याला शंभरपट देऊ, तर?

२०१६ साली सुरू झालेल्या ‘स्टीम’ या ब्लॉकचेनवरच्या समाजमाध्यमात हेच घडलं. तिथे लेखाला मतं पडतात आणि एका सामायिक निधीतून नाणी वाटली जातात. मताचं वजन मात्र मत देणाऱ्याने गुंतवून ठेवलेल्या नाण्यांवर ठरतं. सुरुवातीचं सूत्र वर्गाचं होतं. समजा, निधी ११११ रुपये आहे आणि दोन लेखांवरचं वजन १० आणि १ आहे. सरळ प्रमाणात वाटप केलं तर १०१० आणि १०१ रुपये. वर्गाने केलं तर ११०० आणि ११! मतं तीच, पण धाकट्याचा वाटा जवळजवळ नाहीसा झाला.

म्हणून २०१७ मध्ये सरळ प्रमाण आलं. मग दुसरी अडचण उभी राहिली. मोठ्या भांडवलाचा माणूस स्वतःच्याच दहा फुटकळ नोंदींना मतं वाटू लागला, तरी त्याचं काही बुडेना. वर्गाच्या सूत्रात अशी विभागणी तोट्याची होती. २०१९ मध्ये तडजोड झाली: कमी वजनाला कमी दर, वजन वाढेल तशी रेषा सरळ होत जाणार. लबाडाला चाप बसावा हा हेतू. पण नवा, प्रामाणिक लेखकही त्याच कमी वजनाच्या टोकाला उभा असतो ना! २०२० मध्ये स्टीममधून फुटून निघालेल्या ‘हाइव्ह’ने २०२१ मध्ये पुन्हा सरळ प्रमाण स्वीकारलं.

आमचा आक्षेप कोणत्या एका वक्राला नाही. अॅरिस्टॉटल सांगतो, वाटपातला न्याय म्हणजे पात्रतेचं प्रमाण. भांडण असतं ते पात्रता कशाला म्हणायचं यावर. इथे पात्रता म्हणजे भांडवल, हे आधीच ठरून गेलंय. नंतर सूत्र वाकवून किती वाकवणार?

आमच्याकडच्या सहकारी सोसायटीत शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. तुम्ही म्हणाल, जिथे एक माणूस शंभर खाती काढू शकतो तिथे डोकी मोजायची कशी? अडचण खरी आहे. पण माणूस मोजता येत नाही म्हणून पैसा मोजला, तर निकालाला निदान ‘वाचकांची पसंती’ म्हणू नये. मोंढ्यात हळद हातात घेऊन पाहणारा कोणी तरी असतो. इथे लेख वाचणारा कोण, हे सूत्र विचारतच नाही.

तेव्हा कोणी नवं सूत्र पुढे केलं, तर आपण आधी एवढंच विचारू: यात एक कशाला धरलंय, माणसाला की नाण्याला?