ताराबाईंचे पंतोजी कोण?

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ आम्ही नुकतेच पुन्हा वाचले. १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात त्याच्या ५०० प्रती निघाल्या. सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, ते निमित्त करून ‘पुणे वैभव’ पत्राने साऱ्या स्त्रीजातीवर झोड उठविली, त्याला हा जबाब होता. पुढे विस्मृतीत गेलेले हे पुस्तक १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रकाशात आणले. तेव्हापासून चर्चा होते ती मुख्यतः त्यातील संतापाची. आम्हांस मात्र प्रश्न पडतो तो हा, की ही बाई लिहावयास शिकली कोठे?

शिक्षण म्हटले की आम्हां कॅथलिकांच्या डोळ्यांसमोर कॉन्व्हेंट उभे राहते. त्या काळी पंतोजीची गावठी शाळा, सरकारी मराठी शाळा आणि मिशनची शाळा अशा वाटा होत्या. सावित्रीबाई फुले यांना अध्यापनाचे धडे नगरला मिस फरार यांच्याकडे आणि पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये मिळाले. १८७० साली पुण्यात स्त्रियांचे ट्रेनिंग कॉलेजही निघाले. ताराबाई यांपैकी कोठेच दिसत नाहीत. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्याच्या डेप्युटी कमिशनरांच्या कचेरीत हेडक्लार्क होते. त्यांनीच मुलीला घरी मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकविले.

याची खूण पुस्तकाच्या भाषेत पानोपानी सापडते. तयार मास्तराचे गद्य दादोबांच्या व्याकरणाचा हात धरून जपून चालते. ताराबाईंचे गद्य पुराणातून निघते, माजघरात शिरते आणि वर्तमानपत्रातील बातमीपाशी येऊन भांडू लागते. त्यात विस्कळीतपणा आहे, पुनरुक्तीही आहे. तो दोष आम्ही झाकीत नाही. पण निबंधाचा साचा कोणी हाती दिला नव्हता, म्हणूनच देवादिकांनाही जाब विचारण्याचे धैर्य त्या लेखणीत राहिले. एखाद्या शिस्तप्रिय मास्तराने पहिल्याच इयत्तेत ते खोडून काढले असते!

म्हणून घर हीच खरी शाळा, असे मात्र कोणी म्हणू नये. कचेरीत नोकरी करणारा, मुलीला शिकवू पाहणारा बाप किती जणींना लाभला? आयर्लंडमध्ये कॅथलिकांना शाळा चालविण्याची कायद्याने बंदी होती, तेव्हा कुंपणाच्या आडोशाला मुले शिकली. तेथल्या कित्येक कुटुंबांच्या इतिहासात असा एखादा मास्तर आहे. तरीही १८३१ नंतर सरकारी राष्ट्रीय शाळा निघाल्या, तसतशी मुले तेथे जाऊ लागली.

ताराबाईंचे पुस्तक निघाले त्याच वर्षी जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन ठेवले. शिक्षक प्रशिक्षित असावेत, शक्यतो शेतकरी वर्गातील असावेत, पगार १२ रुपयांहून कमी नसावा, असे त्यांचे मागणे होते. तीन वर्षांनी, १८८५ साली, ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात त्यांनीच टीकाकारांविरुद्ध ताराबाईंची बाजू घेतली. ताराबाईंचे दुसरे पुस्तक मात्र निघाले नाही.