मायकेल जॅक्सनचा जलसा : काही प्रश्न

१ नोव्हेंबर १९९६ रोजी अंधेरीच्या क्रीडासंकुलात मायकेल जॅक्सनचा कार्यक्रम झाला. त्याविषयी मराठीत पुष्कळ छापून आले. नऊवारी नेसलेल्या सोनाली बेंद्रेने विमानतळावर त्याचे स्वागत कसे केले, तो 'मातोश्री'वर कसा गेला, याची रसभरित वर्णने झाली. संस्कृती बुडाल्याची ओरडही नेहमीच्या मंडळींनी केली. पण तो गायला काय, आणि ज्यांनी त्याला बोलावले त्यांना ते गाणे चालले कसे, हा प्रश्न कुणी विचारलेला माझ्या तरी वाचनात आला नाही. मी त्या रात्री मैदानात होतो. एका स्नेह्याकडे जादा पास होता, म्हणून गेलो. तिकीट काढून जाण्याची ऐपत नव्हती.

हा प्रश्न आपण विचारला पाहिजे, कारण काळ्या माणसाचे गाणे आपल्याला परके नाही. १९४६ साली बाबासाहेबांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या दुःखातले साम्य नोंदवले होते. १९७२ साली आपल्या तरुणांनी संघटना काढली तेव्हा नाव घेतले ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे. जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकेतल्या काळ्यांचे साहित्य मराठी वाचकापुढे ठेवले. मात्र हा सारा संबंध ग्रंथांचा आणि घोषणांचा होता. त्या समाजातला एक जिताजागता कलावंत पहिल्यांदाच एवढ्या गाजावाजाने मुंबईत उतरला, आणि तो आला शिवउद्योग सेनेच्या मदतीसाठी, युती सरकारने करमणूक कर माफ केलेल्या कार्यक्रमात.

जॅक्सन गॅरी या पोलाद कारखान्यांच्या गावात १९५८ साली जन्मला. बाप कारखान्यात क्रेन चालवणारा. लहानशा घरात नऊ भावंडे. ज्या संगीतवाहिनीने पुढे त्याच्या जिवावर पैसा केला, ती आरंभी काळ्या गायकांची गाणी जवळजवळ दाखवीतच नव्हती; १९८३ मध्ये त्याच्या 'बिली जीन'ने ते दार मोडले. त्याच्या कातडीच्या बदललेल्या रंगावरून आपल्याकडेही हिणकस विनोद झाले. त्याला कोड होते. हे त्याने १९९३ साली जाहीर मुलाखतीत सांगितले आणि २००९ मधल्या शवचिकित्सेतही तेच निघाले. काळ्या माणसाने कोणत्या रंगाचे दिसावे हेही इतरांनीच ठरवायचे, ही वृत्ती आपल्या ओळखीची आहे. त्याच्यावर मुलांच्या लैंगिक शोषणाचे गंभीर आरोप झाले. २००५ साली तो न्यायालयात निर्दोष सुटला, तरी आरोप संपले नाहीत. त्याला वीरपुरुष करून मिरवण्याची घाई आपण करू नये, एवढे येथे म्हणून पुढे जातो.

आता प्रत्यक्ष कार्यक्रम. काळोख झाला, पडद्यावर इतिहासातून वेगाने धावणारे यान दिसू लागले आणि ते यान रंगमंच फोडून वर आले. त्यातून सोनेरी चिलखतासारखा पोशाख केलेला जॅक्सन उतरला. उतरला आणि नुसता उभा राहिला. माणसाने काहीही न करता हजारो लोकांना असे ओरडायला लावलेले मी पूर्वी पाहिले नव्हते. नंतर जो नाच झाला त्याबद्दल एकच म्हणतो : त्या देहाला वजन नव्हते. पेटी उघडून हातमोजा आणि टोपी घालणे एवढी क्रियाही तो तालात करीत होता. या कलेला 'सवंग' म्हणून मोडीत काढणाऱ्यांनी आमच्या तमाशालाही एके काळी तोच शब्द वापरला होता.

परंतु गाण्यांचा क्रम पाहा. 'दे डोन्ट केअर अबाउट अस' हे त्याचे सर्वांत संतापलेले गाणे. पोलिसांच्या, राज्यसंस्थेच्या आणि समाजाच्या बेपर्वाईविरुद्धचे. ते आरंभीच्या मिश्रणात दोन गाण्यांच्या मध्ये बसवले होते. गणवेशातल्या नर्तकांची कवायत झाली आणि ते संपले. याउलट 'अर्थ साँग'ला पुरा अवकाश होता. रंगमंचावर रणगाडा आला, बंदूक रोखलेला सैनिक उतरला, एका मुलाने त्याच्या पुढे फूल धरले, सैनिकाने बंदूक टाकली आणि तो रडला. लोक हेलावले. मीही तसा दगड नाही. पण तो सैनिक कोणाचा? रणगाडा कोणत्या गावात शिरला होता? गोळी कोणाला लागणार होती? याचे उत्तर नसल्यामुळेच हे दृश्य कुठल्याही सरकारला बसून पाहता येते. क्रोधाला काही क्षण आणि क्षमेला अख्खा प्रवेश, अशी ती वाटणी होती.

त्याच वर्षाच्या आरंभी त्या पहिल्या गाण्याचे चित्रण ब्राझीलमध्ये झाले होते. दिग्दर्शक स्पाइक ली. रिओच्या डोंगरउतारावरील झोपडपट्टीत चित्रण होणार म्हणताच तिथल्या अधिकाऱ्यांनी विरोध केला. शहर ऑलिम्पिकसाठी उमेदवार होते आणि दारिद्र्य जगाला दिसले असते. म्हणजे तेच गाणे तिथे सत्तेला बोचले आणि येथे सत्तेने त्याला पायघड्या घातल्या. शब्द बदलले नव्हते, गायक बदलला नव्हता. गाणे कोणाच्या अंगणात उभे राहते, यावर त्याचा अर्थ ठरला. दुसरे चित्रण साल्व्हादोरच्या पेलोरिन्यो भागात झाले. या नावाचाच अर्थ गुलामांना फटके मारण्याचा खांब असा आहे. तिथे ओलोदूम या काळ्यांच्या वादकसंघाने ढोल वाजवले. आपल्याकडे हलगी वाजवणे हे गावकीचे लादलेले काम होते, म्हणून चळवळीने ती खाली ठेवायला सांगितले. त्यांनी ढोल स्वाभिमानाने गळ्यात घातला. दोन्ही कृती मला एकाच जातीच्या वाटतात (जात हा शब्द येथे नाइलाजाने वापरला आहे).

आपल्या आंबेडकरी जलशाशी तुलना केली की आणखी एक फरक दिसतो. भीमराव कर्डक यांच्यासारखे जलसाकार ज्या परंपरेत उभे होते, त्या परंपरेतला शाहीर समोरच्या गावाला पाहून ओळ बदलतो. पाणवठा कुठला, पाटील कसा, कालच काय घडले, हे त्याच्या गाण्यात येते. जॅक्सनची बरीच गाणी त्या दौऱ्यात आधी मुद्रित केलेल्या आवाजावर होती. सप्टेंबरात प्रागला जो रणगाडा आला तोच अंधेरीला आला. मुद्रित आवाजाला समोर कोण आहे हे कळण्याचे कारण नसते.

समोर कोण होते, हे आठ महिन्यांनी कळले. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात दहा माणसे मारली गेली. सरकार तेच होते. त्या बंदुकीपुढे फूल धरायला कुणाला सवड मिळाली नाही. १५ जुलैला मुलुंडच्या वस्तीत राहणारे शाहीर विलास घोगरे यांनी डोक्याला निळे फडके बांधून गळफास घेतला. आनंद पटवर्धन यांच्या १९८५ च्या 'हमारा शहर'मध्ये त्यांचा आवाज आहे. झोपड्या पाडल्या जात असलेल्या मुंबईचे गाणे ते त्या मुंबईतच उभे राहून गातात. त्या आवाजाचे सरकारी स्वागत झाले नाही. इकडे जॅक्सनच्या कार्यक्रमाची सव्वातीन कोटींहून अधिक रुपयांची करमाफी न्यायालयात अडकली होती. जानेवारी २०२१ मध्ये, गायक मरून अकरा वर्षे झाल्यावर, राज्य मंत्रिमंडळाने ती मंजूर केली.

माझे एक कवीमित्र या विवेचनावर रागावतात. ते म्हणतात, वस्तीतल्या पोरांना मायकेल कुणी तिकिटाने दिला नाही; त्यांनी तो व्हिडिओवर पाहून उचलला, आणि काळा माणूस जगाला नाचवू शकतो हे त्यांना त्यातून कळले, ते तुमच्या लेखांतून कळले नसते. हे मला मान्य आहे. त्या पोरांनी त्याच्याकडून काय घेतले, हे पाहायला मला अंधेरीपेक्षा चौदा एप्रिलच्या मिरवणुका अधिक उपयोगी पडल्या आहेत. तिथे भीमगीत चालू असते, निळा गुलाल उडत असतो, आणि एखादा मुलगा गर्दीत दोन हात जागा करून पाय न उचलता मागे मागे सरकत जातो.