चाचाला पत्र, घरचा पत्ता

मंटोच्या ‘चाचा साम’ला लिहिलेल्या पत्रांमधला एक मजकूर मी एकदा घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला होता. अमेरिकेने पाकिस्तानातल्या मुल्लांना हत्यारं द्यावीत, म्हणजे रशियाची डाळ तिथे शिजणार नाही, अशा अर्थाचा. पाच मिनिटांत इमोजींचा पाऊस पडला. काकांनी लिहिलं, “बघा, त्यांचाच माणूस सांगतोय!” मलाही बरं वाटलं. मग ते बरं वाटणंच टोचायला लागलं, म्हणून नऊच्या नऊ पत्रं सलग वाचून काढली.

ही पत्रं 1951 ते 1954 दरम्यानची. सआदत हसन मंटो 1948 च्या जानेवारीत मुंबई सोडून लाहोरला गेला होता. हाताशी पैसा नाही, अश्लीलतेचे खटले मागे लागलेले, दारूने शरीर पोखरलेलं. अशा अवस्थेत हा गरीब भाचा श्रीमंत चाचाला लिहितो. सूर लाडिक, पण बोलता बोलता चिमटे काढणारा. एका पत्रात तो म्हणतो, भारताने कितीही आदळआपट केली तरी पाकिस्तानशी लष्करी करार कराच. दुसऱ्या एका ठिकाणी भारत-पाकिस्तान युद्ध लावून द्यायचा सल्ला देतो, कारण त्यातला नफा कोरियातल्या नफ्यालाही मागे टाकेल!

बहुतेकजण ही पत्रं अमेरिकेवरची टीका म्हणून वाचतात. मला ती आधी घराबद्दलची वाटतात. मंटोला चाचा हवा आहे तो घरातलं गाऱ्हाणं सांगायला. आणि त्या काळचं पाकिस्तानचं घर कसं होतं, ते बघा. 16 ऑक्टोबर 1951 ला पंतप्रधान लियाकत अली खान यांची रावळपिंडीत हत्या झाली. 1953 च्या सुरुवातीला अहमदियांविरुद्धचं आंदोलन पंजाबात पेटलं, इतकं की मार्चमध्ये लाहोर लष्कराच्या हाती द्यावं लागलं. प्रांताच्या मुख्यमंत्र्यांनी या आंदोलनाचा रोख केंद्राकडे वळवला, असं पुढे न्यायालयीन चौकशीने नोंदवलं. एप्रिलमध्ये गव्हर्नर जनरलनी पंतप्रधान नाझिमुद्दीन यांना घरी बसवलं आणि अमेरिकेतले राजदूत मोहम्मद अली बोग्रा यांना त्या खुर्चीवर आणलं. मार्च 1954 मध्ये पूर्व बंगालच्या निवडणुकीत मुस्लिम लीगचा धुव्वा उडाला. 19 मे ला अमेरिकेशी लष्करी मदतीचा करार झाला आणि महिनाअखेरीस पूर्व बंगालचं निवडून आलेलं सरकार बरखास्त!

या तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की मुल्लांवरचा विनोद वेगळा वाटतो. घरात ज्यांना मतांचा भरवसा नाही, त्यांना बाहेरून बंदुकीचा आधार लागतो. तो मिळवायला शत्रू दाखवावा लागतो. चाचाला साम्यवाद दाखवायचा आणि घरच्यांना भारत.

इथपर्यंत आमचे काका खूश. पण सीमेच्या अलीकडेही तेव्हा घर होतंच. जम्मूत प्रजा परिषदेचं आंदोलन, त्याला दिल्लीतून विरोधी पक्षांचा पाठिंबा, शेख अब्दुल्लांबद्दल वाढत गेलेला संशय. ऑगस्ट 1953 मध्ये अब्दुल्लांना पदावरून काढून अटक झाली. पाकिस्तानात संताप उसळला, बोग्रा घाईने दिल्लीला आले. काश्मीरच्या सार्वमतासाठी एप्रिल 1954 अखेर प्रशासक नेमायचा, असं नेहरू आणि बोग्रांनी त्याच महिन्यात संयुक्त पत्रकात जाहीर केलं. मग अमेरिकी शस्त्रांची बातमी आली आणि संदर्भच बदलला, अशी भूमिका नेहरूंनी घेतली. आयझेनहॉवर यांनी भारतालाही मदत देऊ केली होती, ती नेहरूंनी नाकारली. शस्त्रांची हरकत खरीच होती. पण तिने दिल्लीचा एक अवघड शब्दही हलका केला, हेही खरं.

म्हणूनच तो मजकूर तोडून फॉरवर्ड करण्यात माझी चूक होती. मंटो स्वतःच्या घरावर हसतो. ते हसू मी उसनं घेतलं आणि शेजाऱ्यावर वापरलं. तसं केलं की त्यातला धोका जातो आणि उरते ती फक्त टिंगल. मंटोवर त्याच्याच देशात खटले झाले. मला फक्त लाइक्स मिळाले.

तरीही या पत्रांना डोक्यावर घेऊन नाचावं, असं मला वाटत नाही. अमेरिकी बायकांच्या पायांवरचे विनोद आज वाचवत नाहीत. त्याहून मोठी अडचण भाचा या पात्रातच आहे. तो इतका गरीब आणि भोळा रंगवलाय, की सगळी सूत्रं चाचाच्याच हातात आहेत असं वाटतं. प्रत्यक्षात सेनाप्रमुख अयूब खान आणि कराचीतले सत्ताधारी शस्त्रांसाठी स्वतःच धडपडत होते. चाचा त्यांना वापरत होता, तसे तेही चाचाला वापरत होते. साम्यवाद रोखायला म्हणून आलेले पॅटन रणगाडे 1965 मध्ये पंजाबात खेमकरणच्या शेतांत उतरले, ते भारताविरुद्ध. हा चलाख भाचा पत्रांमध्ये पुरेसा दिसत नाही. उपरोधाने हसवता येतं, पण हिशोब कुणाच्या नावावर मांडायचा हे कधीकधी निसटतं.

मंटो 18 जानेवारी 1955 ला गेला. रणगाड्यांची ती लढाई त्याने पाहिली नाही.

परवा ग्रुपवर पुन्हा शेजाऱ्यांवरचा एक विनोद आला. मी त्याखाली 1953 ची गोष्ट लिहिली, दोन्ही घरांची. इमोजी एकही आला नाही. काकांनी मात्र रात्री उशिरा विचारलं, “ती पत्रं मराठीत मिळतील का रे?”