हुशार चार्जर: एक परीक्षण

नाटकाचे परीक्षण होते, मग बॅटरीच्या चार्जरने काय घोडे मारले आहे? २०२० च्या टाळेबंदीत चाळीखालच्या गाड्या उभ्या राहिल्या त्या राहिल्याच, तेव्हापासून हा नट चिंचपोकळीतही चर्चेत आहे.

जुना चार्जर म्हणजे आग्रही वाढपी. पोट भरले तरी वाढतच राहणार, अगदी बॅटरीतले पाणी आटेपर्यंत. हा ‘हुशार’ मात्र आमच्या हेडकॅशियरच्या जातीचा. १४.४ व्होल्टच्या आसपास भरणा घेतो. खाते भरले की साडेतेराच्या आसपास नुसता पहारा! काम झकास, मान्य. ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला ३-४ अँपिअरचा पुरे. नुसती राखणच करायची तर १ अँपिअरचाही चालेल; उभ्या गाडीला कसली घाई?

पण या नटाला प्लग लागतो. प्लग तिसऱ्या मजल्यावर, गाडी रस्त्यावर! गॅलरीतून वायर सोडा, की खालचे तात्या विचारणारच, "काय हो, मीटर कुणाचा?" पावसाळ्यात तर नावच नको.

तेव्हा चिंचपोकळीकरांनो, आधी १० नंबरचा पाना आणा आणि निगेटिव्हची वायर सोडून ठेवा. धडधाकट बॅटरी महिना-दोन महिने सहज काढते. गाडीतले घड्याळ तेवढे पुन्हा लावावे लागेल.