संवाद पुढे, पाऊस मागे

आमच्या उरणला आवाजाची टंचाई कधीच नव्हती. पाण्याची असते, सुट्ट्या पैशांची असते, ऐन लग्नसराईत भटजींची असते. आवाजाचा साठा मात्र बारमाही. मोरा बंदराकडून लाँचचा भोंगा, मासळीबाजारात कोळणींनी सांगितलेला पापलेटचा भाव, रात्रभर जेएनपीटीकडे धावणारे कंटेनरचे ट्रेलर, आणि शेजारी आगऱ्यांकडे हळद असली तर मग विचारूच नका. हळद नवरीला लागते आणि आवाज अख्ख्या आळीला. अशा गावात माणसानं पदरचे पैसे मोजून आणखी आवाज घरात आणावा, याला काय म्हणावं? याला होम थिएटर म्हणतात.

नावातच घोळ आहे. थिएटरात नायिका मरत असताना ‘अहो, गॅसवर दूध ठेवलंय, बघा जरा’ असं कुणी म्हणत नाही. आणि घरात, दुसऱ्याच्या खिशातले शेंगदाणे अंधारात चुकून आपल्या हाती लागत नाहीत. शिवाय आमच्यासाठी मोठा सिनेमा म्हणजे एक प्रवास असायचा. मोऱ्याहून लाँच पकडून भाऊचा धक्का गाठायचा. ओहोटीला लाँच बंद. त्यामुळे खेळाची वेळ वर्तमानपत्रात पाहायची आणि परतायची वेळ समुद्राला विचारायची. व्हिलनचा निकाल लागण्यापूर्वी ओहोटीचा निकाल लागला, म्हणून शेवट न बघताच उठलेले उरणकर मला ठाऊक आहेत. आता 2024 च्या जानेवारीपासून उरणपर्यंत लोकल येते, अटल सेतूही त्याच महिन्यात सुरू झाला. मुंबई इतकी जवळ आली आणि नेमकं तेव्हाच आम्ही सिनेमा घरात आणला. माणसाचं हे असंच असतं.

आणला म्हणजे मेहुण्यानं आणवला. ‘दाजी, टीव्हीच्या स्पीकरवर सिनेमा बघणं म्हणजे श्रीखंडाचा फोटो चाटणं,’ हे त्याचं वाक्य. पाठोपाठ पाच स्पीकर, एक भलंमोठं खोकं, एक ॲम्प्लिफायर आणि काडेपेटीपेक्षा थोडी मोठी अशी एक काळी डबी घरात आली. ती डबी म्हणजे मीडिया प्लेअर. या सगळ्या प्रकाराला ‘फाइव्ह पॉइंट वन’ म्हणतात. आमच्या खात्यात दशांशचिन्हानंतर पैसे येतात, आणि ते कुणी मागतही नाही. इथे दशांशचिन्हानंतर सगळ्यात मोठं खोकं येतं! हिशेब असा : तीन स्पीकर पुढे, दोन मागे, ते झाले पाच. आणि पॉइंट वन म्हणजे केवळ खर्जासाठी राखून ठेवलेली वाट. साधारण 120 हर्ट्झच्या खालचे स्फोट, गडगडाट आणि हत्तीची पावलं एवढंच तिचं काम. सिनेमागृहात डॉल्बीनं ही पद्धत 1992 मध्ये डिजिटल स्वरूपात आणली. ती आमच्या आळीत यायला थोडा वेळ लागला, पण आली ती कपाटातल्या काचेच्या बरण्या हलवीतच आली.

डबी आणि ॲम्प्लिफायर यांचं नातं आमच्या बँकेतल्या दोन अधिकाऱ्यांसारखं आहे. सिनेमाचा आवाज बंद लिफाफ्यात येतो. तो फोडायचा कुणी? डबीच्या सेटिंगमध्ये ‘बिटस्ट्रीम’ निवडलं तर डबी लिफाफा तसाच पुढे धाडते आणि ॲम्प्लिफायर फोडतो. ‘पीसीएम’ निवडलं तर डबी स्वतःच फोडते आणि आतला मजकूर पुढे वाचून दाखवते. दोन्ही पद्धती बरोबर. फक्त कोणती चालू आहे हे दोघांनाही माहीत असावं लागतं. ते नसलं की एकजण ‘माझ्याकडे कागदच आला नाही’ म्हणतो आणि दुसरा ‘मी कधीच पाठवला’ म्हणतो. दरम्यान ग्राहक काउंटरवर उभा. मध्ये टीव्ही असला तर तो तिसरा अधिकारी. त्याला चित्र चकचकीत करायला वेळ लागतो, तेवढ्यात आवाज पुढे निघून जातो. मग नायकाचा ठोसा आधी ऐकू येतो आणि नंतर बसतो. यावर इलाज म्हणून आवाजाला काही मिलिसेकंद थांबवून ठेवायची सोय यंत्रातच असते.

असो. ही झाली यंत्राची परीक्षा. आता सिनेमाची.

मेहुण्यानं स्पीकर पुस्तकात दाखवल्याप्रमाणे लावले. पुढचे तीन टीव्हीजवळ, मागचे दोन मागच्या भिंतीवर. आमच्या आईचा दिवाण गेली कित्येक वर्षं त्याच मागच्या भिंतीला आहे. या पद्धतीत संवाद जवळजवळ सगळे पुढच्या मधल्या स्पीकरमधून येतात. मागच्या स्पीकरांकडे पाऊस, रातकिडे, गर्दी, हेलिकॉप्टर असली खाती. त्यामुळे झालं असं, की कोणताही नवा सिनेमा लावला की संवाद आमच्या वाट्याला आणि पाऊस आईच्या वाट्याला. तासाभरानं ती विचारी, ‘अरे, हे पावसातच का राहतात सगळे?’

‘आवाज वाढवा,’ सगळे म्हणत. वाढवून काय होतं? कान म्हातारे होतात ते वरच्या पट्टीपासून. स, श, त, क ही व्यंजनं याच पट्टीत राहतात, आणि शब्द शब्दापासून वेगळा ओळखू येतो तो व्यंजनांमुळे. म्हाताऱ्या माणसाला आवाज येतो, शब्द येत नाही, तो याचसाठी. अशा वेळी आवाज वाढवला की खर्ज वाढतो आणि उरलेसुरले शब्दही त्याच्याखाली चिरडतात. त्यातून नवे सिनेमे मिसळलेले असतात मोठ्या सभागृहासाठी : कुजबुज अगदी हळू, स्फोट अगदी मोठा. घरात मग एका माणसाला हातात रिमोट घेऊन फाटकवाल्याची ड्यूटी करावी लागते. कुजबुज आली, वर. स्फोट आला, खाली.

माझी तक्रार मोठ्या आवाजाबद्दल नाही. ‘शोले’ 1975 साली आला तो 70 मिलिमीटरचा पडदा आणि स्टिरिओ आवाज घेऊन. उडवलेलं नाणं पडल्याचा आवाज ऐकून प्रेक्षक खुर्चीखाली वाकून बघत, असं जुने लोक सांगतात. पण त्याच सिनेमाच्या नुसत्या संवादांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या आणि गणपतीच्या मंडपात कर्ण्यावर वाजल्या. चित्र नाही, स्टिरिओ नाही, कर्णा फाटका, आणि तरी पोरांना सगळं पाठ. शब्द टिकला म्हणून आवाज टिकला. हल्लीचे कितीतरी सिनेमे घ्या. त्यांच्या आवाजाची तबकडी काढली तर मंडपात नुसता धरणीकंप ऐकू येईल. पार्श्वसंगीत तर अशा थाटात येतं, की प्रेक्षक म्हणजे मागच्या बाकावरचा ढ मुलगा : आता रड, आता घाबर, आता ऊर भरून येऊ दे!

याच डबीवर आम्ही एका रविवारी प्रभातचा ‘कुंकू’ लावला. 1937 चा सिनेमा, दिग्दर्शक शांताराम. नातलगांनी फसवून म्हाताऱ्या बिजवराशी लग्न लावून दिलेली नीरा, आणि त्याला नवरा मानायला तिनं दिलेला नकार. ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून केलेला. त्याचं वैशिष्ट्य म्हणजे त्यात पार्श्वसंगीत नाही. गाणी आहेत, पण प्रसंगामागे वाद्यं नाहीत. घरात जे वाजतं तेच ऐकू येतं. शांता आपट्यांची नीरा बोलते तेव्हा ती आणि तिचं बोलणं, तिसरं कुणी नाही. आणि केशवराव दात्यांचे काकासाहेब गप्प होतात तेव्हा तर खोलीतली हवासुद्धा अवघडते.

जुना, एकसुरी ध्वनिपट. दोन्ही वाटांनी तोच आवाज येतो, हे ओळखून आमच्या यंत्रानं तो मधल्या स्पीकरकडे दिला. बाकीचे चार संपावर. खर्जाचं खोकं तर नुसतं तिपाईच्या कामाचं उरलं. मेहुणा अस्वस्थ झाला. एवढी गुंतवणूक आणि व्याज एका स्पीकरचं! पण पावसाचा थेंब नाही, हेलिकॉप्टर नाही, त्यामुळे आई दिवाणावरून उठली आणि पुढे येऊन खुर्चीत बसली. शेवटपर्यंत हलली नाही. संपल्यावर म्हणाली, ‘माझ्या आत्याला असंच बिजवराला दिलं होतं. बारा-तेरा वर्षांची होती. ती काहीच बोलली नाही.’ थोडं थांबून म्हणाली, ‘बोलली असेल. कुणी ऐकलं नसेल.’

ही आत्या आमच्या घरात कुणाला माहीतच नव्हती. ती एका स्पीकरमधून आली.

म्हणून जुनं ते सोनं, असं कुणी म्हणेल. तसंही नाही. ‘सैराट’ घ्या. 2016 चा, नागराज मंजुळे यांचा. अजय-अतुल यांनी त्याच्यासाठी हॉलिवूडच्या स्टुडिओत पाश्चात्त्य वाद्यवृंद घेऊन संगीत मुद्रित केलं. त्याच्या गाण्यांना आमचे पाचही स्पीकर कामाला लागले आणि खोक्यानं पगार हलाल केला. चिरंजीव सोफ्यावरून उतरून नाचले. आणि मग शेवट. ते लहान मूल दारातून आत येतं, आई-बापाला पाहतं, रडतं, आणि आवाज येत नाही. सगळा आवाज काढून घेतलेला. रक्तात भिजलेली इवली पावलं बाहेर जातात तीही निःशब्द.

आमच्याकडे मेहुणा ताडकन उठला. ‘वायर निघाली, दाजी!’ हिनं रिमोट शोधला. चिरंजीवांनी डबी हलवली. आई तेवढी म्हणाली, ‘निघाली नाही. बसा खाली.’ आम्ही बसलो. तेव्हा लांबून ट्रेलर गेल्याचं ऐकू आलं, कुणाच्या तरी स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. उरण चालू होतं. पाच स्पीकर आणि एक खोकं, सगळे वीज खात गप्प उभे होते. घेतल्यापासून इतकं चोख काम त्यांनी कधी केलं नव्हतं. ‘कुंकू’मधल्या पोरीला बोलायला मिळालं आणि ऐंशीएक वर्षांनी ‘सैराट’मधल्या पोरीचा गळाच कापला, हा हिशेब कुठल्या बाजूला मांडायचा, हे मात्र बी. कॉम.च्या पुस्तकात नव्हतं.

तेव्हा आमचं परीक्षण थोडक्यात असं : यंत्र उत्तम. डबी हुशार, पण तिला विचारल्याशिवाय ती बोलत नाही. खोकं गुणी, पण त्याला आवरायला हवं; डबीत ‘नाइट मोड’ नावाची सोय असते, ती मोठ्या आवाजाला खाली बसवते आणि लहानाला वर उचलते. ती आम्ही दिवसाही लावून ठेवतो. सिनेमाची परीक्षा मात्र किती स्पीकर वाजले यावर करू नये. शेवटी घरातल्या कुणाला काय ऐकू आलं, ते विचारावं.

मेहुणा हल्ली ‘सेव्हन पॉइंट वन’चं बोलतो. म्हणजे मागे आणखी दोन. मी त्याला म्हटलं, ‘आणखी पाऊस ठेवायचा कुठे?’ तूर्त आम्ही बिनखर्चाची सुधारणा केली आहे. आईची खुर्ची आता मधल्या स्पीकरसमोर कायमची आहे, आणि मागच्या दिवाणावर मी बसतो. सिनेमात काय चाललंय ते आई मला मध्यंतरात सांगते. पाऊस मात्र माझ्याकडे फारच सुरेख पडतो.