शपथेचे शब्द आणि शपथेपूर्वीचे वंदन : एक चिकित्सा

प्रस्तावना : सत्ताग्रहणाचे भाषण हा राजकीय वक्तृत्वाचा स्वतंत्र प्रकार मानला जातो. अमेरिकेत १७८९ साली जॉर्ज वॉशिंग्टन यांनी शपथेनंतर भाषण केले आणि राज्यघटनेत तशी तरतूद नसतानाही तो प्रघात रूढ झाला. महाराष्ट्रात मुख्यमंत्र्यांच्या शपथविधीत भाषणाला स्थान नाही. संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीतील पद व गोपनीयतेची शपथ तेवढी उच्चारावयाची असते. ही उणीव कशी भरून काढली जाते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन : २८ नोव्हेंबर २०१९ रोजी मुंबईत शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरे मंत्रिमंडळाचा शपथविधी झाला. त्या वेळी शपथेआधी महापुरुषांची व पक्षनेत्यांची नावे घेतली गेली. ३० नोव्हेंबरला देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत त्यास हरकत घेतली. ३० डिसेंबरच्या विस्तारात राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी के. सी. पाडवी यांना जादा शब्दांमुळे पुन्हा शपथ घ्यावयास लावली.

वाङ्मयीन दृष्ट्या हे वंदन कीर्तनातील नमनाच्या, नाटकातील नांदीच्या कुळातले आहे. वक्ता कोणत्या परंपरेचा, हे त्यातून श्रोत्यांस कळते. शपथेच्या मसुद्यात मात्र पक्ष, जात वा प्रदेश यांचा उल्लेख नाही. तेथे केवळ ‘मी’ आहे, आणि तो ममत्व वा आकस न ठेवता सर्वांना न्याय देण्याचे वचन देतो. निःपक्षपाताचे वचन देण्यापूर्वीच आपला पक्ष सांगणे, हा या वंदनातील अंतर्विरोध होय. शिवराय वा फुले यांचे स्मरण सर्वांस सामावून घेते. पक्षनेत्याचे स्मरण श्रोत्यांची विभागणी करते.

रायगड जिल्ह्यातील अभ्यासकास येथे १६७४ च्या राज्याभिषेकाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. राज्याभिषेकाने राजाची सार्वभौमता जाहीर होते. शपथेने पदधारक स्वतःस संविधानाशी बांधून घेतो. शिवरायांचे नाव घेताना या दोन विधींतील भेद पुसला जाऊ नये.

समारोप : लोकसभेच्या अध्यक्षांनी जुलै २०२४ मध्ये सदस्यांच्या शपथेस मागेपुढे शब्द जोडण्यास मनाई केली. ही मनाई योग्य असली तरी तेवढ्याने बोलण्याची गरज संपत नाही. अनुच्छेद १७६ खालील राज्यपालांचे अभिभाषण मंत्रिमंडळ तयार करते, पण ते बोलणारा दुसराच असतो. म्हणून शपथ अबाधित ठेवून, मुख्यमंत्र्यांनी सभागृहात स्वतःच्या शब्दांत पहिले निवेदन करण्याचा प्रघात पाडणे इष्ट ठरेल. वंदनाला प्रतिप्रश्न करता येत नाही. निवेदनाला करता येतो.