ओठांवरचा पहारा

यवतमाळ जिल्ह्यातल्या बहुतेक प्रॉटेस्टंट घरांत सांजप्रार्थना पाठ केलेली नसते. दिवेलागणीनंतर पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडायचं, त्या दिवसाचा नेमलेला भाग वाचायचा, एखादं गीत म्हणायचं आणि मग जे वाचलं त्यातूनच आपल्या शब्दांत देवाशी बोलायचं. सकाळीही हाच क्रम. मला ही रीत फार मोलाची वाटते, कारण तिच्यात वाचणारा रोज थोडा कवी होतो. या रीतीचं मर्म स्तोत्रसंहितेतल्या दोन स्तोत्रांत मला दिसतं. एक 141 वं, संध्याकाळचं. दुसरं 130 वं, पहाटेची वाट पाहणारं. संध्याकाळ आधी घेतली, कारण उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात दिवस मोजला जातो तो संध्याकाळपासून.

141 व्या स्तोत्राची सुरुवात घाईची आहे. देवा, लवकर ये, असा धावा आहे. पण दुसऱ्याच वचनात सगळं निवतं. माझी प्रार्थना तुझ्यापुढे धुपासारखी असो, माझे उंचावलेले हात संध्याकाळच्या अर्पणासारखे असोत, असं भक्त म्हणतो. याच जिल्ह्यातल्या कळंबच्या माणसाला ही प्रतिमा समजावून सांगावी लागत नाही. चिंतामणी गणपतीच्या त्या गावात संध्याकाळ आणि धूप यांचं नातं लहान पोरालाही ठाऊक असतं. यरुशलेमच्या मंदिरातही रोज सकाळी आणि सांजवेळी धूप जाळला जाई. स्तोत्रकर्त्याचं धाडस असं की तो धूपही मागत नाही आणि याजकही. उघडे, वर केलेले, रिकामे हात हेच त्याचं अर्पण. इसवी सन 70 मध्ये ते मंदिर पडलं, तरी हे स्तोत्र उभं राहिलं. चौथ्या शतकात पूर्वेकडच्या मंडळ्यांत ते रोजच्या सांजप्रार्थनेत म्हटलं जात होतं.

हात उंचावल्यावर माणूस काय मागतो? पीकपाणी, आरोग्य, शत्रूचा नाश यांतलं काही तरी येईल असं वाटतं. येतं ते वेगळंच: माझ्या तोंडावर पहारा बसव, माझ्या ओठांचं दार राख. दिवसभर बोलून झाल्यावर, दिवस मावळताना ही मागणी येते, यातच तिची खोली आहे. सकाळी ती नुसती सावधगिरी ठरली असती. संध्याकाळी तिच्यात दिवसभराच्या बोलण्याचा पश्चात्ताप मिसळतो. हे वचन वाचून झाल्यावर एखादी बाई डोळे मिटून म्हणेल ती प्रार्थना अशी काहीशी असेल: "बापा, आज रागाच्या भरात पोरीला नको ते बोलले. तिनं काही उत्तर दिलं नाही, पण जेवलीही नाही. उद्या माझ्या ओठांशी तू उभा राहा. येशूच्या नावानं मागते, आमेन." शास्त्रातला पहारेकरी असा तिच्या स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभा राहतो. दैनंदिन वाचनातून उगवलेली प्रार्थना म्हणतात ती हीच.

पुढे स्तोत्र आणखी कडक होतं. दुष्टांच्या पंगतीतली मिष्टान्नं मला नकोत. नीतिमान माणसानं मला मारलं तरी ती दया समजेन, डोक्याला लावलेलं तेल समजेन. ज्याला कुणी हक्कानं रागावलं आहे, त्यालाच या ओळीचा गोडवा कळेल. त्यानंतर जमीन नांगरून ढेकळं विखुरावीत तशी हाडं विखुरल्याचं भयाण चित्र येतं. मूळ हिब्रू पाठ इथे दुर्बोध आहे, अभ्यासकांचं एकमत नाही, म्हणून मी तिथे फार रेंगाळत नाही.

130 वं स्तोत्र आठच वचनांचं. यात्रेकरू यरुशलेमला चढून जाताना म्हणत त्या पंधरा स्तोत्रांपैकी हे एक; पण चढण सुरू होते ती खोल गर्तेतून. तू पापांचा हिशेब ठेवलास तर कोण टिकेल, असं विचारून भक्त वाट पाहू लागतो. पहारेकरी पहाटेची वाट पाहतात, त्याहूनही जास्त आतुरतेनं माझा जीव प्रभूची वाट पाहतो, असं म्हणतो आणि पहारेकऱ्यांचे तेच शब्द लगेच पुन्हा उच्चारतो.

ही पुनरुक्ती हा या स्तोत्राचा प्राण आहे. हरभऱ्याच्या दिवसांत आमच्याकडे शेतकरी जागलीला जातो. मचाणावर बॅटरी आणि वाजवायला एखादं डबडं घेऊन रोही नि रानडुकरं हाकलत रात्र काढतो. तो पूर्वेकडे एकदा बघतो, थोड्या वेळानं पुन्हा बघतो. दुसऱ्यांदा बघताना नवं काही दिसत नाही, मध्ये फक्त वेळ गेलेला असतो. ओळ दोनदा म्हणून कवीनं नेमका तो गेलेला वेळ कवितेत आणला आहे. जागल्याला पहाट होईल का, अशी शंका नसते. किती वेळ लागेल, एवढाच प्रश्न असतो. क्षमेबद्दल भक्ताचा भरवसाही तसाच आहे.

दोन्ही स्तोत्रं एकापाठोपाठ वाचली की पहाऱ्याची जागा बदलते. संध्याकाळी माणूस देवाकडे पहारेकरी मागतो, पहाट होईतो तो स्वतःच पहारेकरी होतो. आणि शेवटी आपल्यापुरतं मागणं सोडून तो सगळ्या इस्राएलाला हाक मारतो, तुम्हीही आशा धरा म्हणतो. सकाळच्या प्रार्थनेत शेजाऱ्यापाजाऱ्यांची, आजाऱ्यांची नावं येतात, त्याची मुळं मला इथे दिसतात.

हे सारं घरच्या भाषेत पोचलं, यामागे पुष्कळांचे कष्ट आहेत. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावला साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत अख्खं बायबल आणलं. 1922 मध्ये त्या गेल्या, ग्रंथ 1924 मध्ये निघाला. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती उपासनेला अभंग आणि भजन दिलं. यवतमाळात 1953 पासून तीस वर्षं युनियन बिब्लिकल सेमिनरीत धर्मसेवक शिकले, पुढे ती पुण्याला गेली.

दोन्ही स्तोत्रं मिळून अठरा वचनं आहेत. तुम्ही ख्रिस्ती असा वा नसा, 141 वं दिवेलागणीला आणि 130 वं उजाडण्याआधी वाचा. मनात नको, मोठ्यानं वाचा.